रॉझवेल येथील दोन दिवस

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यू मेक्सिको हें नैर्ऋत्येकडील एक उंच, कोरडें व विस्तीर्ण संस्थान आहे. त्याच्या आग्नेय भागांत, पेकोस नदीच्या खोऱ्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें साडेतीन हजार फूट उंचीवर रॉझवेल नांवाचें सुमारें अठ्ठेचाळीस हजार वस्तीचें एक गांव आहे. त्या गांवांत प्राचीन देवालय नाहीं, कोणती मोठी लढाई तेथें झाली नाहीं, आणि सृष्टिसौंदर्यहि बेताचेंच. तथापि पृथ्वीच्या पाठीवर असा देश विरळा कीं जेथील शाळकरी मुलांना त्याचें नांव ठाऊक नाहीं. १९४७ सालीं त्या बाजूच्या माळरानावर आकाशांतून कांहीं तरी पडलें. तें काय होतें, याविषयींचा वाद पाऊणशें वर्षें लोटलीं तरी मिटलेला नाहीं, आणि त्या वादावरच गांवाची निम्मी प्रसिद्धि चालली आहे.

२०२३ च्या जून महिन्यांत आम्ही अल्बुकर्की येथें चिरंजीवांकडे होतों. सूनबाईंचे वडील, म्हणजे आमचे व्याही, त्याच सुमारास लेकीकडे आलेले. व्याही इंजिनियर, उभा जन्म पाटबंधाऱ्यांच्या कामांवर गेलेला. स्वभावानें हिशेबी व मितभाषी. परंतु उडत्या तबकड्यांचा विषय निघाला कीं त्यांचें मितभाषित्व कोठल्या कोठें जातें. या तबकड्या परग्रहांवरून येतात अशी त्यांची दृढ श्रद्धा आहे. उलटपक्षीं आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि बाकीचें सारें आयुष्य मुलांकडून शब्दरूपें व तर्कसंग्रह घोकून घेण्यांत गेलेलें. त्यामुळें कोणीहि कांहीं सांगितलें कीं 'प्रमाण काय?' असें विचारण्याची खोड जडलेली. अशा दोघांना एका मोटारींत बसवून दोनशें मैल नेण्याचें साहस चिरंजीवांनीं केलें. कुटुंब व सूनबाई शहाणपणानें घरींच राहिल्या.

वाटेंत व्हॉन नांवाचें एक लहानसें रेल्वेचें गांव लागतें. तेथून पुढें रॉझवेलपर्यंत जवळजवळ शंभर मैल मनुष्यवस्ति म्हणून नाहीं. पिवळें गवत, निवडुंगाचीं काटेरी झुडपें, गुरांच्या पाण्यासाठीं उभी केलेली एखादी पवनचक्की, आणि वर एवढें मोठें आकाश कीं खालच्या जमिनीची कींव यावी! देशावरील उन्हाळ्यांतला माळ ज्यांनीं पाहिला आहे त्यांनीं तो पन्नासपट वाढवून पाहावा, म्हणजे थोडीशी कल्पना येईल. अशा मुलखांत दृष्टीला दुसरें कांहीं काम नसतें. ती आपोआप वर जाते. येथें आकाशांत कांहीं दिसलें, आणि कोंकणांतल्या एखाद्या माडांनीं झांकलेल्या आळींत दिसलें नाहीं, यांत आम्हांस तरी कांहीं नवल वाटलें नाहीं.

गांवांत शिरतांच गंमत सुरू होते. मुख्य रस्त्यावरील दिव्यांच्या गोळ्यांवर मोठे काळे तिरपे डोळे रंगविलेले आहेत. एका प्रसिद्ध उपाहारगृहाची इमारतच तबकडीच्या आकाराची बांधलेली. दुकानांच्या दारांत हिरवीं, मोठ्या डोक्याचीं बाहुलीं उभीं. दर वर्षीं जुलैच्या आरंभीं येथें मोठी जत्रा भरते व हजारों लोक नाना सोंगें घेऊन येतात. आम्ही त्यापूर्वींच गेलों होतों, हें एका परीनें बरें झालें. क्षेत्राच्या ठिकाणीं जत्रेच्या दिवशीं देवदर्शन होत नाहीं, हा अनुभव सर्वांस आहेच.

मूळ हकीकत अशी. १९४७ च्या जून महिन्याच्या २४ तारखेस केनेथ आर्नल्ड नांवाच्या वैमानिकास वॉशिंग्टन संस्थानांतील रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकणाऱ्या वस्तु अतिवेगानें जातांना दिसल्या. पाण्यावरून बशी भिरकावली असतां ती जशी टप्पे घेत जाते तशा त्या जात होत्या, असें त्यानें वर्णन केलें. अलंकारशास्त्र शिकलेल्या वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, या उपमेंतील साधारण धर्म 'गति' हा होता. वर्तमानपत्रांनीं तो 'आकार' असा केला आणि 'उडती तबकडी' हा शब्द जन्मास घातला. पुढें लोकांना बशीच्या आकाराच्याच वस्तु दिसूं लागल्या! उपमेचा अर्थ चुकल्यामुळें एवढा अनर्थ झाल्याचें दुसरें उदाहरण आमच्या माहितींत नाहीं.

याच सुमारास रॉझवेलच्या वायव्येस सुमारें पाऊणशें मैलांवर, कोरोना गांवाच्या बाजूच्या एका कुरणावर देखरेख करणारा मॅक ब्रेझेल नांवाचा मनुष्य होता. त्यास रानांत रबराच्या पट्ट्या, चकचकीत वर्खाचा कागद, चिवट कागद व काटक्या असा पसारा पडलेला आढळला. जुलैमध्यें गांवांत आल्यावर तबकड्यांची बातमी त्याच्या कानीं पडली, तेव्हां त्यानें ती गोष्ट शेरीफास सांगितली. शेरीफानें लष्करी विमानतळास कळविलें. तेथील गुप्तवार्ता अधिकारी मेजर जेसी मार्सेल यांनीं जाऊन तो पसारा गोळा करून आणला. ८ जुलै रोजीं तळाचे प्रमुख कर्नल ब्लँचर्ड यांच्या आज्ञेवरून वॉल्टर हॉट नांवाच्या अधिकाऱ्यानें पत्रक काढलें कीं, लष्कराच्या हातीं एक उडती तबकडी आली आहे! सायंकाळच्या 'रॉझवेल डेली रेकॉर्ड' पत्रांत तें ठळक अक्षरांत छापून आलें. त्याच दिवशीं तो माल विमानानें फोर्ट वर्थ येथें गेला, आणि जनरल रेमी यांनीं जाहीर केलें कीं, हा तर हवामान पाहण्याचा फुगा व त्याखालचें रडारचें परावर्तक आहे. एका दिवसांत तबकडीचा फुगा झाला. गांव निजलें, आणि तें तीस वर्षें निजून राहिलें.

वाचकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. हा तळ सामान्य नव्हता. हिरोशिमा व नागासाकी येथें अणुबाँब टाकणारी विमानें ज्या तुकडीचीं, ती ५०९ क्रमांकाची तुकडी येथें होती. जगांतील पहिला अणुस्फोट १६ जुलै १९४५ रोजीं याच संस्थानांत, येथून पश्चिमेस, झाला होता. अशा ठिकाणच्या जबाबदार अधिकाऱ्यांनीं 'तबकडी सांपडली' असें लेखी सांगावें आणि दुसऱ्यांनीं त्याच दिवशीं 'छे, फुगा' म्हणावें, यावर शंका घेणारे सगळेच भोळे असें म्हणतां येणार नाहीं.

१९७८ सालीं स्टँटन फ्रीडमन नांवाच्या एका पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें मार्सेल यांची गांठ घेतली. मार्सेल म्हणाले, तो पसारा फुग्याचा नव्हता; तो या पृथ्वीवरचाच नव्हता. १९८० सालीं पुस्तक निघालें, आणि मग साक्षीदारांस तोटा राहिला नाहीं. प्रथम नुसता पसारा होता; मग तबकडी आली; मग तबकडींतलीं प्रेतें आलीं; मग प्रेतें पाहणाऱ्या परिचारिका आल्या. १९९५ सालीं तर प्रेताच्या चिरफाडीचें चलच्चित्रहि निघालें, आणि तें आपण बनविलेलें असल्याचें निर्मात्यानेंच २००६ सालीं कबूल केलें. कथा जसजशी जुनी होते तसतशी ती वाढते, हें पुराणें वाचणाऱ्यांस सांगावयास नको.

या वादाचें पदार्थसंग्रहालय मुख्य रस्त्यावर, पूर्वीच्या एका चित्रपटगृहांत आहे. तें स्थापणाऱ्यांत तेच वॉल्टर हॉट होते. आंत कागदपत्रें, शपथपत्रें, नकाशे, मोठीं केलेलीं छायाचित्रें भिंतीभर लावलीं आहेत. मधोमध एका चित्रपटासाठीं केलेलें परग्रहवासीयाचें प्रेत मांडलेलें. मुलें त्याच्यापाशीं गर्दी करतात, व थोर मंडळी भिंतीवरचें वाचीत राहतात. एका छायाचित्रांत जनरल रेमी गुडघ्यांवर बसले असून त्यांच्या हातांत एक कागद आहे. त्या कागदावरील अंधुक अक्षरें यंत्रांनीं मोठीं करून वाचण्याचा उद्योग भाविक आज कित्येक वर्षें करीत आहेत. ताम्रपटाचें झिजलेलें अक्षर लावणाऱ्या आपल्याकडील संशोधकांची आम्हांस आठवण झाली. फरक इतकाच कीं, येथें काय निघावयास पाहिजे तें आधींच ठरलेलें असतें.

"मास्तर," व्याही म्हणाले, "एवढे साक्षीदार काय खोटें बोलतात?"

आम्ही म्हणालों, "साहेब, खोटें कोण म्हणतो? मार्सेल यांनीं वर्ख, काटक्या व रबर पाहिलें, हें प्रत्यक्ष. तें पृथ्वीबाहेरचें, हें अनुमान. प्रत्यक्ष मान्य केलें म्हणून अनुमान मान्य करावेंच असें नाहीं. शिंपला पाहणाऱ्यास चकाकी दिसते ती खरीच असते. रुपें मात्र तो आपल्या पदरचें घालतो."

चिरंजीव मध्येंच म्हणाले, "बाबा, तुमचा शिंपला १९९४ सालीं सांपडला." आणि त्यांनीं पलीकडच्या भिंतीवरील एका फलकाकडे बोट दाखविलें.

तो मजकूर असा. न्यू मेक्सिकोचे एक लोकप्रतिनिधि स्टीव्हन शिफ यांनीं सरकारकडे कागदपत्रें मागितलीं, तेव्हां विमानदलानें जुनीं दप्तरें उघडून १९९४ सालीं कबूल केलें कीं, १९४७ चा खुलासा पुरा नव्हता. पडलेली वस्तु 'मोगल' नांवाच्या अत्यंत गुप्त योजनेंतील असावी. समुद्रांत जसा एका ठराविक खोलीवर ध्वनि फार दूर जातो, तसा वातावरणाच्याहि एका थरांतून जाईल, असा मॉरिस युइंग या शास्त्रज्ञाचा तर्क होता. मग त्या थरांत फुग्यांच्या माळेनें ध्वनिग्राहक यंत्र तरंगत ठेवलें तर रशियाच्या पहिल्या अणुस्फोटाचा आवाज अमेरिकेंत ऐकूं येईल! यासाठीं न्यूयॉर्क विश्वविद्यालयाचे लोक आलामोगोर्डोहून वीसबावीस फुग्यांच्या, सहाशें फुटांहून लांब माळा सोडीत. त्यांत वर्खाच्या कागदाचे व हलक्या लांकडी काटक्यांचे परावर्तक असत. एका खेळणीं करणाऱ्या कारखान्याकडून घेतलेल्या, फुलांची नक्षी असलेल्या चिकटपट्ट्या त्यांना लाविलेल्या असत. ब्रेझेल यानेंहि ९ जुलै १९४७ च्या मुलाखतींत फुलांच्या पट्ट्यांचा उल्लेख केलेला आहे. याच पट्ट्यांवरील नक्षी पुढें 'परग्रहाची चित्रलिपि' म्हणून प्रसिद्धीस आली!

येवढ्यानें वाद मिटावयास हरकत नव्हती, पण मिटला नाहीं. ४ जून १९४७ रोजीं सोडलेली चौथ्या क्रमांकाची माळ ती हीच, असें संशयवादी म्हणतात. भाविक म्हणतात कीं, त्या दिवशीं ढगांमुळें माळ सोडलीच नाहीं, असें योजनेवरील क्रेरी यांच्या रोजनिशींत लिहिलें आहे. संशयवादी त्याच नोंदींतलें पुढचें वाक्य दाखवितात. त्यांत फुग्यांच्या झुबक्याला यंत्र बांधून सोडल्याचा उल्लेख आहे. एक मूळ आणि दोन भाष्यें! आम्ही तर या ठिकाणीं घरीं आल्यासारखे रमलों. आमचें मत विचाराल तर पुढचें वाक्य अधिक बलवान् आहे; शिवाय वर्ख, काटक्या व फुलांची पट्टी हीं तिन्ही एकत्र येण्यास दुसरें सरळ कारण दिसत नाहीं.

परंतु न्यायाची गोष्ट म्हणून सांगितलें पाहिजे कीं, विमानदलानें १९९७ सालीं दुसरें पुस्तक काढून प्रेतांचा जो खुलासा केला तो आम्हांस मुळींच पटला नाहीं. उंचावरून टाकून पाहण्यासाठीं केलेले मनुष्याकृति पुतळे लोकांनीं पाहिले व त्यांच्या आठवणींत गोंधळ झाला, असें त्यांत म्हटलें आहे. पण ते पुतळे टाकले गेले १९५३ नंतर! व्याही हें वाचून मोठ्यानें हंसले, व आम्हीहि हंसलों. ज्यानें एकदां तीस-चाळीस वर्षें खरें लपविलें, त्यानें पुढें अर्धवट उत्तर दिलें कीं लोक त्याचें खरेंहि मानीत नाहींत. राज्यकारभारास गुप्तता लागते हें खरें. पण तिचें व्याज कोणाला तरी भरावें लागतें.

एका भिंतीपाशीं व्याही बराच वेळ थांबले. मेजर मार्सेल यांनीं त्या रात्रीं तळावर जाण्यापूर्वीं कांहीं तुकडे घरीं नेऊन आपल्या दहा वर्षांच्या मुलाला दाखविले होते. तो मुलगा पुढें डॉक्टर झाला, लष्करांत राहिला, इराकांतहि सेवा करून आला. आणि २०१३ सालीं मरेपर्यंत एकच सांगत राहिला कीं, माझ्या वडिलांनीं जें सांगितलें तें खरें आहे. ज्या माणसानें पसारा गोळा केला त्यालाच तो ओळखतां आला नाहीं, असें जगास वाटावें, याची त्या पुत्रास किती बोंच असेल!

बाहेर बांकावर बसल्यावर व्याही आपण होऊन बोलूं लागले. वऱ्हाडांतल्या त्यांच्या गांवीं वडील वैद्यकी करीत. हे आठ वर्षांचे असतांना एका रात्रीं परगांवचा रोगी पाहून बापलेक दमणींतून परत येत होते. एकाएकीं पश्चिमेस एक पांढरा, मोठा प्रकाश दिसला. तो बराच वेळ गाडीबरोबर चालला व मग विझला. बैलहि बुजले. वडिलांनीं सरळपणानें ती गोष्ट दुसऱ्या दिवशीं चार लोकांत सांगितली. लोक हंसले. कोणी म्हणालें, वैद्यबोवांना झोप लागली असेल. आणि ज्यानें जन्मांत सुपारीलाहि स्पर्श केला नाहीं त्याच्याविषयीं 'औषधाचा आसव घेतला असेल' असेंहि कोणी म्हणालें. वडिलांनीं पुन्हां ती गोष्ट काढली नाहीं. मुलानें विचारलें तरी गप्प बसत.

"आतां सांगा मास्तर, मी काय मानावें?"

आमच्या जिभेवर शुक्राचें नांव आलें होतें. क्षितिजाजवळचा शुक्र चालत्या माणसाबरोबर चालतो, हें आम्ही मुलांना शिकवीत आलों आहों. अमेरिकेच्या विमानदलानें १९६९ पर्यंत १२,६१८ वृत्तांत तपासले. त्यांत शुक्र, गुरु, उल्का, फुगे व विमानें यांनींच मोठा भाग व्यापला, व ७०१ वृत्तांतांचा उलगडा झाला नाहीं. हीं सारीं उत्तरें तयार होतीं. आम्ही इतकेंच म्हणालों कीं, "तुमच्या वडिलांनीं प्रकाश पाहिला, याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. ते आप्त होते. शंका आहे ती पुढच्या अनुमानाविषयीं."

व्याही थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण लोक अनुमानाला हंसत नाहींत, मास्तर, माणसाला हंसतात."

याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

त्याच गांवांत दुसरें एक संग्रहालय आहे, तें कलेचें व इतिहासाचें. तेथें आम्ही दुपारीं गेलों तेव्हां आम्हां तिघांशिवाय दोनच माणसें होतीं. रॉबर्ट गॉडार्ड या शास्त्रज्ञाची कर्मशाळा तेथें मांडली होती. द्रवरूप इंधनावरचा पहिला अग्निबाण या गृहस्थानें १६ मार्च १९२६ रोजीं मॅसॅच्युसेट्समध्यें उडविला. तो अडीच सेकंदांत अवघा ४१ फूट चढला. पुढें निवांत, मोकळी जागा हवी म्हणून तो १९३० मध्यें रॉझवेलला आला, व मधलीं कांहीं वर्षें सोडतां १९४२ पर्यंत येथेंच राबला. चार कारागीर, एक लेथ, क्षयानें पोखरलेलें शरीर. आणि अग्निबाणाच्या हवाई छत्र्या शिवणारी, उड्डाणांचीं छायाचित्रें घेणारी पत्नी. निर्वात प्रदेशांत अग्निबाण ढकलणार कशाला, एवढें शाळेंतलें पदार्थविज्ञानहि याला येत नाहीं, अशी थट्टा 'न्यूयॉर्क टाइम्स' नें १९२० सालीं केली होती. १७ जुलै १९६९ रोजीं, माणसें चंद्राच्या वाटेवर असतांना, त्या पत्रानें ती चूक दुरुस्त केली. पण गॉडार्ड १९४५ सालींच वारला होता.

पृथ्वीवरून आकाशांत जाण्याची खरी खटपट ज्या गांवांत झाली, त्या गांवाची कीर्ति आकाशांतून कोणी आलें या गोष्टीवर व्हावी! व्याह्यांना मात्र हा विरोध बोंचला नसावा. ते त्या लेथापाशीं उभे राहून प्रत्येक भाग निरखीत होते, आणि नळ्यांची जोडणी आम्हांस समजावून सांगत होते. बाहेर पडेपर्यंत तास झाला. पुढें २०२४ च्या ऑक्टोबरमध्यें रॉझवेलला मोठा पूर आला, संग्रहालयांत पाणी शिरलें व फार हानि झाली, असें वाचून आम्हां दोघांसहि हळहळ वाटली.

येथें एक लहानसें विषयांतर करतों. पहिल्या संग्रहालयांत एका अमेरिकन बाईनें आम्ही संस्कृत जाणतों असें कळतांच विमानांविषयीं विचारलें. तिच्या हातांतल्या पुस्तकांत भरद्वाजांच्या नांवावरील 'वैमानिक शास्त्रा'चे दाखले होते. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभींचा आहे व त्यांतलीं विमानें उडण्याजोगीं नाहींत, असा निर्णय बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंतील पांच विद्वानांनीं १९७४ सालीं दिला आहे. आणि त्यांतले श्लोक वैदिक भाषेचे नव्हेत हें कोणीहि संस्कृत शिकलेला सांगेल. आम्हीं तिला तसें सांगितलें. बाई किंचित् हिरमुसली. पुष्पक विमान काव्यांत जितकें शोभतें तितकें कारखान्यांत शोभत नाहीं, एवढें तरी आपल्याकडच्या अभिमानी मंडळींनीं ध्यानांत घ्यावें.

त्यानंतर या वादांत बरेंच पाणी वाहून गेलें. २०२१ सालीं अमेरिकन सरकारनें १४४ वृत्तांत तपासून एकाचाच खात्रीचा उलगडा केला होता, आणि तो निघाला हवा गेलेला एक मोठा फुगा! २०२३ च्या जुलैंत तेथील लोकसभेपुढें एका माजी अधिकाऱ्यानें शपथेवर सांगितलें कीं, सरकारपाशीं परकीं यानें आहेत. पण तीं त्यानें स्वतः पाहिलेलीं नव्हतीं, दुसऱ्यांनीं त्यास सांगितलें होतें. मार्च २०२४ मध्यें संरक्षणखात्याच्या चौकशी कचेरीनें लिहिलें कीं, परग्रहवासीयांचा कांहींहि पुरावा मिळालेला नाहीं. व्याह्यांनीं हीं तिन्ही वृत्तें आम्हांस वेळच्या वेळीं पाठविलीं. तिसरेंहि पाठविलें, हें विशेष.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही गांवाच्या आग्नेयेस चौदा मैलांवरील तळीं पाहावयास गेलों. तांबड्या कड्यांच्या पायथ्याशीं जमीन खचून झालेलीं हीं हिरव्यानिळ्या पाण्याचीं तळीं. गुराख्यांनीं दोरांस दोर बांधून सोडले तरी तळ लागला नाहीं, म्हणून यांना 'अथांग तळीं' असें नांव पडलें. सर्वांत खोल तळें नव्वद फूट आहे. नांव तेंच राहिलें आहे, आणि तें बदलावें असें आम्हांसहि वाटलें नाहीं.

अंधार पडल्यावर निघणार, तोंच वायव्येकडून आकाशांत दिव्यांची एक सरळ रांग वर आली. सारख्या अंतरावरचे वीस-पंचवीस दिवे, आवाज नाहीं, लुकलुक नाहीं; माळेंतल्या मण्यांसारखे एकामागून एक डोक्यावरून गेले व पूर्वेकडे एकेक करून विझले. जवळ उभे असलेले एक म्हातारें जोडपें स्तब्ध झालें. आमच्याहि अंगावर कांटा आला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. चिरंजीवांनीं हातांतल्या यंत्रावर पाहून सांगितलें कीं, दूरसंदेशासाठीं नुकतेच सोडलेले ते कृत्रिम उपग्रह आहेत. त्यांच्यावर अजून ऊन पडतें म्हणून ते चमकतात व पृथ्वीच्या सावलींत शिरले कीं विझतात. व्याह्यांनीं तें सारें शांतपणें ऐकून घेतलें, मान हलविली, आणि त्या जोडप्याकडे जाऊन त्यांनाहि नीट समजावून सांगितलें. म्हातारा हंसला नाहीं. त्यानें व्याह्यांचा हात हातांत घेतला.

मोटारींत बसतांना व्याही म्हणाले, "विहीणबाईंना फोन करून सांगा, मास्तर, काय पाहिलें तें."

आम्हीं फोन केला व सगळें वर्णन सांगितलें. कुटुंबानें तें ऐकून घेऊन विचारलें, "बरोबर दिलेले धपाटे खाल्ले कीं तसेच आहेत?"

ते तसेच होते. व्हॉन येईपर्यंत आम्हीं ते संपविले.